नकाराचा अभ्यास

सुरेशकुमार कौशल हे दिल्लीतले एक ज्योतिषी. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी निकाल दिला, की भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ प्रौढांनी खासगीत आणि राजीखुशीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना लागू होणार नाही. त्याविरुद्ध केंद्र सरकार अपिलात गेले नाही, कौशल गेले. त्यांच्या बाजूने जे उभे राहिले त्यांची नावे एकाखाली एक लिहून पाहावीत. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, रामदेवबाबांचे प्रवक्ते आणि क्रांतिकारी मनुवादी मोर्चा पार्टी. एरवी या मंडळींना एका पंगतीत बसवणे कठीण. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात ही बाजू जिंकली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. वकिलांसाठी प्रकरण तिथे मिटले. आपल्यासाठी मात्र एक प्रश्न उरला, आणि या पुस्तकाचे कारण तोच आहे: ही पंगत बसली कशी?

या विषयाकडे पहिल्यांदा वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. येताना बहुतेकांच्या खिशात दोनपैकी एक उत्तर असते. 'धर्मात लिहिलंय म्हणून विरोध' हे एक, आणि 'अडाणीपणा, दुसरं काय' हे दुसरे. दोन्ही उत्तरे बाहेर चपलांपाशी ठेवून आत यावे, जाताना हवी तर परत घ्यावीत. माझे मत लपवण्याचे कारण नाही: २०१८चा निकाल मला योग्य वाटतो, तो फार उशिरा आला असेही वाटते. पण ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नीट मांडता आले नाही, तर आपण अभ्यास केला नाही, नुसते भांडलो.

आधी 'धर्मात लिहिलंय' हे पाहू. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा एक श्लोक आहे. पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाने अंगावरच्या वस्त्रांसह स्नान करावे, असे तो सांगतो. त्याच श्लोकात, त्याच प्रायश्चित्ताचे धनी आणखी काही जण आहेत: बैलगाडीत, पाण्यात किंवा भरदिवसा स्त्रीशी संग करणारे. म्हणजे ओल्या कपड्यांनी घरी जाण्याइतके ते पाप. त्याच अध्यायात दुसरीकडे पुरुषसंग जातीतून भ्रष्ट करणाऱ्या कृत्यांतही मोजला आहे, हेही सांगायला हवे. एकाच ग्रंथाला दोन सूर असू शकतात. आता आठव्या अध्यायात या. एका कुमारिकेने दुसऱ्या कुमारिकेला 'दूषित' केले तर दोनशे पण दंड, कन्याशुल्काची दुप्पट रक्कम आणि दहा फटके. तेच प्रौढ स्त्रीने केले तर मुंडन, नाही तर दोन बोटे छाटणे, आणि गाढवावरून धिंड. पुरुषाला स्नान आणि बाईला गाढव, एवढाच धडा वाचून पुढे जाऊ नये. कन्याशुल्काकडे बघा. ज्या गुन्ह्याची भरपाई मुलीच्या विवाहमूल्यात मोजली जाते, त्यात ग्रंथकर्त्याची काळजी वासनेपेक्षा कौमार्याची, म्हणजेच बापाच्या ठेवीची आहे.

हा धागा हातात धरून इतर परंपरांत गेलो तर पुष्कळ काही दिसते. बायबलमधल्या लेवीय ग्रंथात पुरुषाने पुरुषाशी स्त्रीसारखे निजणे हे घृणास्पद कृत्य ठरवून देहान्ताची शिक्षा सांगितली आहे, आणि सदोम नगराची कथा तर ख्रिस्ती जगाने शतकानुशतके दहशतीसारखी वापरली. कुराणात हाच प्रसंग लूत पैगंबराच्या लोकांचा म्हणून येतो. तरी इस्लामी कायदेपंडितांत शिक्षेवर एकमत झाले नाही. इमाम अबू हनीफा यांनी या कृत्याला ठरीव शिक्षेच्या, म्हणजे 'हद्द'च्या, वर्गात घातले नाही. ते काझीच्या विवेकावर सोडले. कॅथॉलिक विचारात तेराव्या शतकातल्या थॉमस अ‍ॅक्वायनसने युक्तिवादाची सगळी मांडणीच वेगळी केली. त्याचा आधार निव्वळ आज्ञेचा नाही, निसर्गाचा आहे. प्रत्येक शक्तीला एक हेतू असतो, कामेच्छेचा हेतू संतती, तिथे न पोचणारे कृत्य निसर्गाविरुद्ध. या तर्काने संततिनियमनही त्याच टोपलीत जाते, हे आपल्याकडचे लोक सोयीने विसरतात.

'निसर्गाविरुद्ध' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. १८६०च्या दंडविधानातून ते आपल्या कायद्यात आले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३३ साली जो गुन्हा चर्चच्या न्यायासनाकडून राजाच्या न्यायासनाकडे आणला, तोच पुढे वसाहतींच्या कायद्यांत पोचला. मग २०१३ साली 'भारतीय संस्कृती'च्या रक्षणासाठी लोक ज्या कलमाला मिठी मारून बसले, ते कलम इंग्रजांचे, हा विरोधाभास सगळ्यांनाच सांगता येतो. मीही वर्गात अनेक वर्षे तो मिटक्या मारत सांगत असे. एका विद्यार्थिनीने तो उत्साह मोडला. ती म्हणाली, 'सर, कलम त्यांचं होतं, पण भीती आपलीच होती ना?' तिचे बरोबर होते.

ही भीती समजून घ्यायला १८९१ सालच्या पुण्यात जावे लागते. संमतिवयाचे विधेयक मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेत होते, आणि टिळकांचा 'केसरी' त्याविरुद्ध उभा होता. परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये, सुधारणा करायची तर आम्ही करू, हे त्या विरोधाचे सार. कचेरी गेली, सैन्य गेले, महसूल गेला. उरला तो उंबरठ्याच्या आतला मुलूख. पार्थ चटर्जी यांनी वसाहतकाळातल्या राष्ट्रवादाचे हे 'आतले' आणि 'बाहेरचे' जग फार नेमके उलगडले आहे. एकदा घर हाच शेवटचा किल्ला ठरला, की घरातला प्रत्येक बदल फितुरी दिसू लागतो. विधवाविवाह असो, आंतरजातीय लग्न असो की दोन स्त्रियांचे प्रेम.

म्हणून डिसेंबर १९९८मध्ये मुंबईत 'फायर' या चित्रपटाच्या खेळांवर शिवसेनेच्या महिला आघाडीने हल्ले केले, तेव्हाची भाषा कान देऊन ऐकण्यासारखी आहे. पापाचा उल्लेख त्यात फारसा नव्हता. बायकांची गरज बायकांकडूनच भागू लागली तर लग्नसंस्था कोसळेल, ही तक्रार होती. बाळासाहेब ठाकरे यांचा आक्षेप नायिकांच्या राधा आणि सीता या नावांवर होता. ती बदलून मुसलमान नावे ठेवा, असे त्यांचे म्हणणे. नाव बदलले की चित्रपट चालेल, याचा अर्थ अब्रू कोणाची, हाच मुख्य मुद्दा.

राजकीय परंपरावादाची वैचारिक बाजू याहून गंभीर आहे आणि तिला टाळू नये. १९५७च्या वुल्फेंडन अहवालाने ब्रिटनमध्ये खासगी समलिंगी संबंध गुन्हा नसावेत अशी शिफारस केली. न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी १९५९ साली त्याविरुद्ध व्याख्यान दिले: समाज सामायिक नीतीवर टिकतो, ती सैल झाली की समाज विस्कटतो. एच. एल. ए. हार्ट यांनी त्याला दिलेले उत्तर अधिक प्रसिद्ध आहे, पण डेव्हलिन आधी वाचावा. आणि त्यानंतर डेव्हिड कॅमेरन यांचे २०११चे भाषण. हुजूर पक्षाच्या या पंतप्रधानांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला तो परंपरावादी असूनही नव्हे, परंपरावादी आहोत म्हणूनच, असे सांगून. बांधिलकी समाजाला बळ देते, हा त्यांचा युक्तिवाद. एकाच मुळाला दोन फांद्या फुटलेल्या इथे स्पष्ट दिसतात.

आपल्याकडेही विरोधाची भिंत एकसंध नाही. २०१३च्या निकालानंतर मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितले, की चर्चला समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवलेले नको आहे. विवाहाला विरोध मात्र कायम. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दत्तात्रेय होसबाळे २०१६ साली म्हणाले, की हा गुन्हा नाही. पाठोपाठ त्यांनी ते सामाजिकदृष्ट्या अनैतिक असल्याचेही सांगितले. २०२३च्या जानेवारीत मोहन भागवतांनी असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत हे सांगताना जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला दिला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये होसबाळ्यांनी विवाह हा स्त्री-पुरुषांमधला संस्कार आहे, असे ठणकावले. माणसाला जागा आहे, लग्नाला नाही. समलिंगी विवाहाच्या मागणीवर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात हेच मांडले, वर तिला शहरी उच्चभ्रूंची मागणी म्हटले. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य केला नाही.

लग्नापाशीच गाडी का अडते, हे मला एका निवृत्त गृहस्थांनी शिकवले. व्याख्यान संपल्यावर ते जवळ आले. 'गुन्हा नाही, मान्य,' ते म्हणाले. 'पण पत्रिका छापायची कशी? एकाच्या आधी चि. आणि दुसरीच्या आधी चि. सौ. कां. एवढंच आम्हाला ठाऊक. दोघंही चि. असले तर व्याही कोण, कन्यादान कोणी करायचं, मानपान कोणाचा?' ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या दृष्टीने लग्न म्हणजे दोन घरांचा करार, आणि त्यात देणारी बाजू आणि घेणारी बाजू ठरलेली. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया समोर आल्या की ती उतरंडच हलते. कन्याशुल्कापासून मानपानापर्यंतचा रस्ता मला त्या दिवशी सलग दिसला. या विरोधात किळस आहे, श्रद्धा आहे, मतांचे राजकारणही आहे. पण आपल्या समाजापुरते विचाराल तर सर्वांत खोल मूळ या पत्रिकेत आहे, असे माझे मत. पुढच्या प्रकरणांतले काही लेखक ते मान्य करणार नाहीत, हे त्यांच्याच लेखनातून कळेल.

शेवटी एक जुना खटला. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी प्रश्न विचारले, कर्व्यांनी सरळ उत्तरे दिली आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईत त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांना जे जाणून घ्यायचे आहे त्याचे उत्तर देणे अश्लील कसे, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मानला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. या पुस्तकाच्या वाचकाने कोणत्याही पानावर अडल्यास बेलाशक प्रश्न विचारावेत, अडचणीचे तर आधी विचारावेत. आता त्याला दंड नाही.