अठराव्या वर्षानंतर : प्रौढ मतिमंदांसाठी दिवसकालीन केंद्रे

मतिमंद मुलाची विशेष शाळा साधारणपणे 18व्या वर्षी संपते. त्यानंतर तो घरीच बसून राहतो. परभणी जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांतही अशी कुटुंबे असतील. दिवसकालीन केंद्रात प्रौढ व्यक्ती सकाळी येते, मेणबत्त्या, कागदी पिशव्या अशी कामे करते व सायंकाळी स्वतःच्या घरी परतते. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी 1964 साली स्थापिलेल्या ‘कामायनी’ने शाळेला उद्योगकेंद्राची जोड दिली. राष्ट्रीय न्यासाच्या 2015 मधील ‘विकास’ योजनेने अशा केंद्रांत रोज किमान 6 तासांची सेवा अपेक्षिली होती.

केंद्र जवळ असो वा नसो, एक काम मात्र पालकांनी लांबणीवर टाकू नये. मूल 18 वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत; बँकेत व शेतीच्या वाटणीत अडचण येते ती येथेच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमता येतो. त्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावयाचा असतो. जिल्हाधिकारी हे तिचे एक सदस्य असल्याने चौकशी त्यांच्या कार्यालयात करावी. आपल्यामागे मुलाला कोणी सांभाळावे, ते नाव आईवडील हयातीतच सुचवू शकतात.