कांद्याची मात्रा, मेंदूची मात्रा

लासलगाव म्हटले की कांद्याची बाजारपेठ आठवते. याच गावी भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ केंद्र २००२ साली उभे राहिले. मोड येऊ नयेत म्हणून तेथे कांद्यावर कोबाल्ट-६०चे गॅमा किरण सोडतात. साधारण ६० ग्रे मात्रा पुरते. एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, की ती झाली १ ग्रे. कांद्याची मात्रा मोजणे तसे सोपे. कांद्यांमध्ये मात्रामापक ठेवायचा, नंतर काढून वाचायचा.

पण जिवंत माणसाच्या मेंदूत मात्रामापक कसा ठेवणार?

हा प्रश्न १९८३ साली फार जवळचा झाला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे हेन्री वॅग्नर व सहकाऱ्यांनी मेंदूतील डोपामीन-ग्राहींचे चित्र घेतले. कार्बन-११ जोडलेले, त्या ग्राहींना चिकटणारे द्रव्य शिरेतून टोचले. पहिली व्यक्ती होती खुद्द वॅग्नर. पुढे अशा प्रयोगांत निरोगी स्वयंसेवक येऊ लागले. त्यांना यातून औषधोपचाराचा लाभ नसतो. म्हणून ‘मला किती मात्रा मिळेल?’ याचे उत्तर आधी देणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

उत्तराची रीत अमेरिकेतील ‘मर्ड’ समितीने १९६८ साली मांडली होती. द्रव्य टोचल्यावर सर्व शरीराची चित्रे ठराविक वेळाने पुन्हापुन्हा घ्यायची. प्रत्येक अवयवातील किरणोत्साराचा काळाबरोबरचा आलेख काढायचा. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे त्या अवयवातील एकूण विघटने. प्रत्येक विघटनातील ऊर्जेचा किती भाग कोणत्या अवयवात शोषला जातो हे गणिताने काढायचे व अवयवाच्या वस्तुमानाने भागायचे.

एक उदाहरण करून पाहू. मेंदूत आरंभी दर सेकंदाला २ कोटी विघटने होत आहेत आणि द्रव्य तेथेच राहते असे धरू. कार्बन-११चे अर्धायुष्य २०.४ मिनिटे, म्हणजे १२२४ सेकंद. त्याच्या १.४४ पट, सुमारे १७६६ सेकंद, हे सरासरी आयुष्य. गुणाकार केला की एकूण विघटने सुमारे ३५०० कोटी. त्यांतील पॉझिट्रॉनांची ऊर्जा भरते सुमारे २.२ मिलिज्यूल. मेंदू १.४ किलोग्रॅमचा धरला तर मात्रा येते सुमारे दीड मिलिग्रे. गॅमा किरणांमुळे आणखी थोडी भर पडेल. लासलगावच्या कांद्याची मात्रा याच्या सुमारे ४०,००० पट!

मात्र मेंदूपाशीच थांबून चालत नाही. शरीर द्रव्य बाहेर टाकते तेव्हा ते मूत्राशयात किंवा आतड्यांत साठते. मेंदूसाठी दिलेल्या द्रव्याची सर्वाधिक मात्रा पुष्कळदा तेथेच पडते. म्हणूनच चित्रे साऱ्या शरीराची घ्यावी लागतात.

योगायोग असा, की २००२ सालीच भाभा केंद्राच्याच मुंबईतील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये भारतातील पहिले पेट यंत्र सुरू झाले. ‘किरणोत्सार धोक्याचा का?’ असे वर्गात कोणी विचारले, तर उलट तीन प्रश्न विचारावेत: किती, कोठे आणि किती वेळ?