वजन कमी होता होता मध्येच थांबले तर काय करावे?

पहिल्या महिन्यात तीन-साडेतीन किलो उतरले, दुसऱ्या महिन्यात दीड किलो, आणि तिसऱ्या महिन्यात काटा हलायचे नाव घेत नाही. खाणे तेच, चालणे तेच, तरी वजन तिथेच. वजन कमी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा टप्पा येतो. वैद्यकीय भाषेत याला ‘वेट लॉस प्लॅटो’ म्हणतात. ‘माझ्या शरीराला काही लागूच पडत नाही’ असे म्हणून बरेच जण इथेच सगळे सोडून देतात. मग काही महिन्यांत उतरलेले वजन परत चढते आणि त्यासोबत रक्तातील साखर व रक्तदाबही.

वजन थांबणे म्हणजे अपयश नव्हे. शरीर नव्या वजनाशी जुळवून घेत असल्याची ती खूण आहे. असे का होते हे कळले, की पुढे काय करायचे तेही कळते.

सुरुवातीला वजन झपाट्याने का उतरते?

आपले यकृत आणि स्नायू साखरेचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात राखून ठेवतात. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. खाणे कमी केले की शरीर आधी हा साठा वापरते आणि त्यासोबतचे पाणी लघवीवाटे निघून जाते. फरसाण, पापड, लोणचे कमी झाल्याने मीठ घटते आणि आणखी पाणी बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. चरबी कमी होण्याचा वेग मुळातच संथ असतो. पुढचे महिने पहिल्या महिन्याच्या मापाने मोजले, तर निराशा ठरलेलीच.

मग काटा का थांबतो?

समजा, बदलापूरच्या सोनिवलीत राहणाऱ्या ४२ वर्षांच्या एका व्यक्तीचे वजन ८२ किलो होते आणि ते ७७ किलोवर येऊन थांबले. या काळात तिच्या शरीरात तीन गोष्टी घडतात.

- खर्च कमी होतो. हलक्या शरीराला चालायला, जिने चढायला, अगदी झोपेतही कमी ऊर्जा लागते.
- भूक वाढते. चरबी घटली की भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक कमी होते आणि भूक लावणारे घ्रेलिन वाढते.
- नकळत हालचाल घटते. कमी खाणारा माणूस न ठरवता जास्त वेळ बसून राहतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो.

अमेरिकेतील संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा अंदाज मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च सुमारे २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे आपल्या उदाहरणातील व्यक्तीच्या शरीराचा खर्च रोज १०० ते १५० कॅलरींनी घटला आणि भूक ५०० कॅलरींनी वाढली. पहिल्या आठवड्यात जो आहार सहज पाळता येत होता, तोच आता जड का वाटतो, याचे उत्तर इथे आहे. यात तुमची इच्छाशक्ती कमी पडलेली नाही.

खरेच थांबले आहे का? आधी खात्री करा

आठ-दहा दिवस वजन तेच राहिले, तर त्याला प्लॅटो म्हणत नाहीत. किमान चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील, तरच वजन थांबले असे समजा. रोजच्या वजनात एक-दोन किलोचा चढउतार सहज होतो. आदल्या रात्रीचे खारट जेवण, बद्धकोष्ठता, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांमुळे शरीरात पाणी धरले जाते आणि घटलेली चरबी काट्यावर दिसत नाही.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर करा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहा.

यानंतर सात दिवस जे जे तोंडात जाते ते सगळे लिहून काढा. स्वयंपाकघरात हळूहळू परत आलेल्या गोष्टी लगेच दिसतील. तेलाच्या एका चहाच्या चमच्यात साधारण ४५ कॅलरी असतात, त्यामुळे फोडणीत हात सैल सुटला की हिशेब बदलतो. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि ५ ग्रॅमचा चमचा धरला, तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी झाल्या. शेंगदाण्याचा कूट आणि साबुदाणा घातलेली उपवासाची खिचडी ताटभर खाल्ली, तर रोजच्या साध्या जेवणापेक्षा ती जड पडू शकते.

काटा जे सांगत नाही

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, २२.३ होता. पण डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा आकडा सारखा असला तरी आतले शरीर वेगळे असू शकते. भारतीयांमध्ये कमी वजनातही पोटाभोवती चरबी जास्त असते, म्हणून आपल्यासाठी कंबरेचे माप फार महत्त्वाचे ठरते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्या.

दुसरे उदाहरण चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाचे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षे पाठपुरावा करून २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार आणि व्यायाम बदललेल्या गटाचे वजन फारसे कमी झाले नाही. तरीही त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. याचा अर्थ, काटा थांबलेला असतानाही तुमचे चालणे आणि बदललेले ताट आत काम करत असते.

उतरलेले थोडे वजनही वाया जात नाही. मधुमेह टाळण्याच्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे मधुमेहाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटलेला दिसला. ८२ वरून ७७ किलो म्हणजे सहा टक्के घट. एवढ्या घटीने साखर, रक्तदाब आणि यकृतातील चरबी यांत फरक पडू लागतो.

लोकलच्या वेळापत्रकात काय बसवता येईल?

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्यांचे दिवसातले तीन तास प्रवासात जातात. ‘रोज तासभर जिम’ हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. पुढीलपैकी एकच बदल निवडा, तो चार आठवडे पाळा आणि मगच दुसरा जोडा.

- चालणे तुकड्यांत करा. घर ते स्टेशन रिक्षाऐवजी एका वेळी तरी पायी जा किंवा ऑफिसच्या बाजूला दहा मिनिटे जास्त चाला. आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम हवा, तो एकाच वेळी करण्याची गरज नाही. पावसाळ्यात रस्ते चिखलाचे झाले, की इमारतीचे जिने वापरा.
- स्नायू टिकवा. आठवड्यातून दोन दिवस १५ मिनिटे खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढेही पुरते. वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही घटतात, ते याने राखता येतात. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.
- प्रत्येक जेवणात प्रथिने घ्या. घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, अंडी किंवा कमी तेलातला बांगडा यांनी पोट जास्त वेळ भरलेले राहते. भात-पोळी बंद करू नका, वाटीने मोजून घ्या. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे असू द्या.
- संध्याकाळची भूक सांभाळा. सहा-सात वाजता स्टेशनबाहेर वडापावचा वास येतो, तेव्हा निर्धार टिकत नाही. गाडीत बसण्याआधी खायला भाजलेले चणे किंवा एखादे फळ डब्यात ठेवा.
- झोप वाढवा. पहाटे पाचला उठणाऱ्याने रात्री बारापर्यंत मोबाइल पाहिला, तर झोप पाच तासांची होते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि गोड-तळलेले खावेसे वाटते.

उत्साह कसा टिकवावा?

- हातातले ध्येय ठेवा. ‘या महिन्यात दोन किलो’ हे आपल्या हातात नसते. ‘आठवड्यात पाच दिवस चालणे’ हे असते. कॅलेंडरवर त्याचीच खूण करा.
- चार गोष्टी नोंदवा. वजन, कंबर, रक्तदाब आणि जिने चढताना लागणारी धाप. एक थांबली तरी दुसरी पुढे सरकलेली दिसते.
- अडचणीचे उत्तर आधीच ठरवा. ‘गाडी उशिरा आली आणि चालणे हुकले, तर जेवणानंतर दहा मिनिटे गच्चीवर फेऱ्या मारीन.’ असे ठरलेले असले की ऐन वेळी सबब सापडत नाही.
- थांबण्यालाही यश माना. गणपती, दिवाळी, घरातले लग्न या काळात वजन वाढू न देणे हेच ध्येय ठेवा. दोन मोदक खाल्ले म्हणून महिना बुडत नाही. पुढचे जेवण नेहमीचे घ्या.
- घरच्यांना सोबत घ्या. एकासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस चालत नाही. सगळ्यांच्याच भाजीतले तेल कमी करणे सोपे जाते. ‘अजून काहीच फरक दिसत नाही’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना कंबरेचे माप सांगा.

हे करू नका

जेवण आणखी निम्म्यावर आणणे, दिवसेंदिवस फक्त रस किंवा काढ्यावर राहणे, जाहिरातीतील पावडरी आणि गोळ्या घेणे टाळा. फार कमी खाल्ल्याने स्नायू घटतात, केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि शेवटी भूक जिंकते. वजन कमी करण्याची इंजेक्शने कोणाला उपयुक्त आहेत हे डॉक्टरच तपासून ठरवू शकतात. त्यांच्यावरही वजन काही महिन्यांनी स्थिरावते आणि ती बंद केल्यावर बरेचदा परत वाढते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- सगळे नीट पाळूनही दोन-तीन महिने वजन आणि कंबर अजिबात कमी होत नसेल.
- थकवा, थंडी सहन न होणे, पाळीतील अनियमितता, घोरणे आणि दिवसा झोप येणे अशी लक्षणे असतील. थायरॉइड, पीसीओएस किंवा झोपेतील श्वासाचा त्रास तपासावा लागतो.
- स्टिरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा मानसिक आजारावरील औषधे सुरू असतील. यांपैकी काहींनी वजन वाढते. औषध स्वतःहून बंद करू नका.
- मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेताना चक्कर, घाम, थरथर जाणवत असेल. वजन उतरल्यावर डोस कमी करावा लागू शकतो.
- अचानक वजन वाढून पायावर सूज किंवा धाप येत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.
- जेवण झाल्यावर मुद्दाम उलटी करणे, खाण्याचा सतत अपराधीपणा वाटणे, असे होत असेल.

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वजन कमी करण्याचा आहार घेऊ नये. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर नियमित तपासा. बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात या साध्या तपासण्यांसाठी जाता येते.

थोडक्यात

वजन थांबले की आधी चार आठवडे वाट पाहा, कंबर मोजा, सात दिवसांचे खाणे लिहा आणि एकच बदल करा. तरीही काटा हलला नाही, तर वजन आहे तिथे राखणे हेही औषधाइतकेच मोलाचे काम आहे. पाच किलो उतरवून ते पाच वर्षे उतरलेले ठेवणारा माणूस, पंधरा किलो उतरवून वर्षभरात सगळे परत मिळवणाऱ्यापेक्षा निरोगी राहण्याची शक्यता जास्त असते.