सौरऊर्जा आणि शासन : सौरचुलीपासून लिलावापर्यंत

जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या सौर विद्युतक्षमतेने १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. पंधरा वर्षांपूर्वी, ११ जानेवारी २०१० रोजी, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाचा आरंभ झाला तेव्हा वीजजाळ्याला जोडलेली सौरक्षमता नगण्य होती. या वाढीचे श्रेय सहसा पॅनेलांच्या घसरलेल्या किमतींना दिले जाते. ते खरे असले तरी पुरेसे नाही. शासनाने सौरऊर्जेसाठी पैसा खर्च केला, तो नेमका कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न विचारल्यावाचून हा इतिहास उलगडत नाही.

आरंभ प्रयोगशाळेत झाला. १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सौरचूल तयार केली. ती बाजारातही आली, पण घराघरांत रुजली नाही. उन्हाची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एक नसते, ही साधी अडचण तिच्या आड आली. १९७३च्या तेलसंकटाने या विषयाला नवी निकड दिली. १९७४ मध्ये साहिबाबाद येथे स्थापन झालेल्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये देशातील पहिला सौरघट आणि १९७८ मध्ये पहिले सौर पॅनेल तयार केले. १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग आणि १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय अशी प्रशासकीय चौकट उभी राहिली.

या काळातील अनुदान प्रामुख्याने उपकरणासाठी होते. चूल, कंदील किंवा पंप बसविला की अनुदान मिळे. पुढे ते उपकरण चालते की अडगळीत पडते, याच्याशी अनुदानाचा संबंध उरत नसे. मोजमाप उपकरणांच्या संख्येचे होते, मिळालेल्या ऊर्जेचे नव्हते.

२००३च्या विद्युत कायद्याने दिशा बदलली. एकूण विजेपैकी ठरावीक वाटा नवीकरणीय स्रोतांकडून घेण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घालण्याचा मार्ग राज्य आयोगांना मोकळा झाला. २०१०च्या अभियानाने पुढचे पाऊल टाकले : शासन आता उपकरणाऐवजी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटाचे मोल देऊ लागले, तेही २५ वर्षांच्या कराराने.

परंतु युनिट महाग होते. केंद्रीय आयोगाने २०१०-११साठी ठरविलेला दर होता १७ रुपये ९१ पैसे. यावर दोन उपाय योजले गेले. पहिला, औष्णिक केंद्रांतील स्वस्त वीज सौर विजेत मिसळून विकणे. समजा, १२ रुपयांचे एक सौर युनिट आणि ३ रुपयांची चार औष्णिक युनिटे एकत्र केली, तर सरासरी ४ रुपये ८० पैसे पडते. म्हणजे भारतीय सौर वीज आपल्या बाल्यावस्थेत कोळशाचे बोट धरूनच चालली. दुसरा उपाय उलट्या लिलावाचा : जो सर्वांत कमी दर मागेल त्याला प्रकल्प. पहिल्याच फेरीत नीचांकी बोली १० रुपये ९५ पैशांवर आली, २०११ मध्ये ७ रुपये ४९ पैशांवर, आणि मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैशांवर.

येथे एक अर्थशास्त्रीय बाब ध्यानात घ्यावी. सौर प्रकल्पाला इंधनाचा खर्च नाही. जवळजवळ सारा खर्च उभारणीचा, म्हणून कर्जाचा व्याजदर विजेचा दर ठरविण्यात निर्णायक ठरतो. सौर उद्यानांमुळे जमीन आणि पारेषण वाहिन्या तयार मिळाल्या, दीर्घ करारामुळे खरेदीची हमी मिळाली. जोखीम घटली तसे कर्ज स्वस्त झाले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. अभियानाने स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलांसाठी देशी बनावटीची अट घातली, पण पातळ थराच्या पॅनेलांना त्यातून सूट दिली. साहजिकच अनेक प्रकल्पांनी तीच आयात केली. अमेरिकेने ही अट जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि २०१६ मध्ये निर्णय भारताच्या विरोधात गेला. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलांवर ४० टक्के आणि सौरघटांवर २५ टक्के सीमाशुल्क लागू झाले. स्वस्त वीज हवी की देशी कारखाने, हा ताण अद्याप मिटलेला नाही.

छताची कहाणी अधिक बोलकी आहे. २०१५ मध्ये २०२२ अखेरपर्यंत १०० गिगावॅटचे लक्ष्य ठरले. त्यांतील ४० गिगावॅट छतांवर व्हायचे होते. मुदत संपली तेव्हा एकूण क्षमता सुमारे ६३ गिगावॅट होती आणि छते फार मागे राहिली होती. स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारा ग्राहक बहुधा चढ्या दराने वीज घेणाराच असतो. तो गमावण्यात वितरण कंपनीला स्वारस्य कसे असावे? फेब्रुवारी २०२४ मधील ‘पीएम सूर्य घर’ योजनेने एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद करून या कोंडीला हात घातला. अनुदान पुन्हा उपकरणाला आहे. मात्र या वेळी प्रत्येक युनिट मीटरवर नोंदले जाते.

आता अडचण नव्या रूपात समोर आहे. दुपारी वीज मुबलक आणि दिवे लागणीला टंचाई, म्हणून साठवणुकीसह वीज मागणाऱ्या निविदा निघू लागल्या आहेत. शासनाने आधी उपकरणासाठी पैसे मोजले, मग युनिटासाठी. यापुढे ते वेळेसाठी मोजावे लागतील. सत्तर वर्षांपूर्वी सौरचुलीने मांडलेला प्रश्नही तोच होता.