परत बोलावण्याचा हक्क

निवडून दिलेल्या माणसाला मुदत संपायच्या आत घरी बसवायचा हक्क समाजवादी राज्यघटनांत आला तो पॅरिसहून. त्याची पहिली चाहूल १७९२ सालची. प्रतिनिधी मतदारांच्या आज्ञेने बांधलेला असावा, असा मसुदा व्हार्ले या तरुण क्रांतिकारकाने मांडला होता. मार्च १८७१ मध्ये पॅरिस कम्यून हे शहराचं क्रांतिकारी सरकार निवडून आलं. अधिकाऱ्यांवर कायम अंकुश ठेवायचा आणि त्यांना पदावरून काढायचा हक्क नागरिकांचा आहे, असं १९ एप्रिलच्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं गेलं. पगारालाही वर्षाला ६००० फ्रँकची मर्यादा घातली. मे महिन्यात कम्यून रक्तात बुडालं, पण मार्क्सने हा हक्क त्याच वर्षी पुस्तकात नोंदवून ठेवला. झुरिकमध्ये निळ्या वहीत काढलेली आपली टिपणं लेनिनने १९१७ मध्ये भूमिगत असताना मागवून घेतली आणि 'राज्य आणि क्रांती' लिहिलं. रशियात सत्ता हाती आल्यावर महिनाभरात तसा हुकूम निघाला. १९१८ च्या घटनेत तो कलम ७८ झाला, १९३६ च्या सोव्हिएत घटनेत कलम १४२.

कलम टिकलं, हक्क मात्र वाळला. मतपत्रिकेवर पक्षाने मान्य केलेलं एकच नाव असेल, तर तो माणूस माघारी बोलावून लोक आणणार कोणाला?

म्हणून मला क्यूबाचा प्रयोग मोलाचा वाटतो. १९७४ मध्ये मातान्सास प्रांतात तो करून पाहिला आणि १९७६ च्या घटनेने देशभर नेला. नगरसभेसाठी शेजारीपाजारी जमून हात वर करून नावं सुचवतात. उमेदवार किमान दोन, फार तर आठ. प्रचाराला बंदी, फक्त फोटो आणि जीवनवृत्तान्त भिंतीवर लागतो. निवडून आलेला आपली नोकरी सांभाळूनच हे काम करतो, त्याचा वेगळा पगार नाही. ठरावीक काळाने त्याला गल्लीतल्या सभेपुढे हिशेब द्यावा लागतो. नळ का गळतो, पाव असा का येतो, असं लोक तोंडावर विचारतात. उत्तर नसेल तर ते नगरपालिकेतून आणायचं, आणि विश्वास उडाला तर त्याच मतदारांनी त्याला काढायचं. माणूस त्यांनीच उभा केलेला असतो, म्हणून या हक्काला इथे धार आहे.

वरच्या पायरीवर ती धार उरत नाही. राष्ट्रीय सभेची नावं उमेदवारी आयोगांमार्फत ठरतात. मार्च २०२३ मध्ये ४७० जागा होत्या आणि उमेदवारही ४७०च.