धुरा, मोह आणि वणवा

फेब्रुवारी सरत आला की माझे नाक आपोआप हवेचा वास घेऊ लागते. शहरात येऊन इतकी वर्षे झाली, पण सवय जात नाही. नोकरीची पहिली काही वर्षे मी मेळघाटच्या पायथ्याच्या एका खेड्यात काढली. सागाची पाने गळून घोट्याएवढा पाचोळा साचायचा, आणि रात्री डोंगरावर आगीची लाल माळ दिसायची. नवख्याला ते सुंदरच वाटे. आम्हाला मात्र वारा कुठून आहे ते आधी पाहावे लागे, कारण गावाच्या कडेला कुटाराचे ढीग आणि कडब्याच्या गंज्या असत.

एकदा वर्गात ‘वणवा’ यावर निबंध लिहायला दिला. वाऱ्याने बांबू एकमेकांवर घासून आग लागते, असे मी फळ्यावर लिहिले होते. एक कोरकू मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे तर आमची आई लावते." वर्ग हसला. मी त्याला खाली बसवले.

खरे तर शिकायची पाळी माझी होती. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही आग लावतात. शेतकरी धुरे पेटवतो, पऱ्हाटी जाळतो. यातली एखादी आग विझवायची राहून जाते आणि दुपारच्या वाऱ्याने डोंगर चढते. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात, बांबूच्या घर्षणाने नव्हे.

इंग्रजांना हे जाळणे म्हणजे शुद्ध अडाणीपणा वाटला. त्यांना रेल्वेच्या स्लीपरांसाठी, इमारतींसाठी लाकूड हवे होते. मध्य प्रांतात कर्नल पिअरसन यांनी १८६० च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आगीपासून संरक्षणाची व्यवस्था सुरू केली. जाळरेषा आखायची, म्हणजे उन्हाळ्याआधी पट्टा साफ करून तिथला पाला जाळून टाकायचा, राखणदार ठेवायचे आणि लोकांना आग लावायची बंदी करायची. पुढे १८७८ चा वन कायदा आला. गंमत अशी की काही वर्षांनी ब्रह्मदेशातल्या वनाधिकाऱ्यांनाच शंका येऊ लागली. आग पूर्ण बंद केलेल्या जंगलात सागाची नवी रोपे नीट येईनात! मग थंडी सरताना मुद्दाम हलकी आग लावायची पद्धत काही ठिकाणी आली. याचा अर्थ दरवर्षीचा वणवा चांगला, असा मुळीच नव्हे. कोवळी रोपे जळतात, पाला गेलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

आता स्वतःबद्दल. १९७९ च्या एप्रिलमध्ये आग गावाच्या अगदी जवळ आली. पुरुष हिरव्या डहाळ्या घेऊन धावले. मी शाळेची रजिस्टरे पेटीत भरून ओसरीवर बसलो. रजिस्टरे महत्त्वाची होतीच, पण खरे कारण भीती. त्या मुलाचा बाप दोन्ही हात भाजून परतला. पुढल्या आठवड्यात आग लावल्याच्या संशयावरून त्यालाच चौकशीसाठी बोलावले. मी त्याच्या बाजूने बोलायला गेलो नाही.

निवृत्तीनंतर १९२७ चा भारतीय वन अधिनियम सहज चाळत होतो. कलम ७९ मध्ये जंगलातला वणवा विझवायला मदत करणे कोणावर बंधनकारक, ते दिले आहे. जंगलात चराईचा किंवा वनोपज नेण्याचा हक्क असलेले तर त्यात आहेतच, शिवाय जंगलाला लागून असलेल्या गावात सरकारी नोकरी करणारा किंवा लोकांच्या सेवेसाठी सरकारकडून मोबदला घेणारा प्रत्येक जण. म्हणजे गुरुजीसुद्धा. त्या दिवशी गावात कायदा मोडणारा मीही होतो. मला कोणी बोलावले नाही.

आता उपग्रहावरून आगीची सूचना मोबाईलवर येते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर काही गावांना जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला ते २००९ मध्ये मिळाले. फुले वेचायला जाळी अंथरली, तर पाला जाळावा लागत नाही. इतका साधा उपाय! आमच्या वेळी एवढी जाळी घ्यायला पैसे कुणाकडे होते म्हणा.

तो मुलगा आता साठीकडे झुकला असेल. निबंधाला मी त्याला दहापैकी तीन गुण दिले होते.