माल किती, आणि कधी? : बडोद्याच्या कारखान्यांत संगणक शिरला त्याची हकिकत



बडोद्याच्या मराठी माणसांबद्दल आपण खूप लिहितो. सयाजीराव महाराज, कलाभवन, दांडिया बाजारातले वाडे, गवई, मल्ल. मलाही ते वाचायला आवडतं. पण १९६० नंतर आपल्या घरांतून रोज सकाळी डबा घेऊन जी माणसं कारखान्यांकडे निघाली, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आज त्यांच्यातल्या एका पेशाविषयी सांगतो. कारखान्याच्या कामकाजात संगणक बसवून देणारे सल्लागार. माझे साडू त्यांतले एक. मी बँकेत, बरीच वर्षं कर्ज विभागात. त्यामुळे एकाच प्रकारचे कारखाने आम्ही दोघांनी दोन वेगळ्या दारांतून पाहिले.

आधी थोडा मागचा हिशोब. १८९० साली कलाभवन निघालं आणि हाताला तंत्र शिकवण्याची रीत बडोद्यात रुजली. १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू झाली. तिच्या संस्थापकांत गज्जर आणि अमीन यांच्याबरोबर कोटिभास्कर हे आपलं मराठी नावही आहे. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. १९४३ मध्ये पंप बनवणारी ज्योती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रशाखा बनलं. पुढे १९६२ मध्ये खत कारखाना जीएसएफसी, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, १९६९ मध्ये आयपीसीएल. या मोठ्यांच्या आधाराने मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत लहान-मध्यम कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. आणि १९६० मध्येच विक्रम साराभाईंनी बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था काढली होती. धंद्याचे प्रश्न अंदाजाने नव्हे, गणिताने सोडवायचे, हा तिचा विचार. कारखान्याला सल्ला देणं हाही एक धंदा असू शकतो, हे आमच्या गावाला तेव्हा कळलं.

आता माझ्या बाजूची गोष्ट. कारखान्याला कॅश क्रेडिट द्यायचं तर तारण काय? गोदामातला माल. दर महिन्याला मालक स्टॉक स्टेटमेंट देणार. समजा दहा लाखांचा माल दाखवला. त्यातला दोन लाखांचा उधारीवर घेतलेला आहे, तो वजा. उरलेल्या आठ लाखांवर २५ टक्के मार्जिन वजा. म्हणजे सहा लाखांपर्यंत रक्कम उचलता येईल. मधूनमधून आमच्यापैकी कुणीतरी जाऊन गोदाम पाहून यायचं.

या पद्धतीत एक गंमत दडलेली आहे. माल जितका जास्त, तितकी उचल जास्त. म्हणजे माल साठवून ठेवणाऱ्याला बक्षीस! पैशाची टंचाई असलेल्या देशात बँकांचा पैसा अशा रीतीने गोदामांत धूळ खात पडू लागला. म्हणून रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७५ मध्ये आला. तिने पंधरा उद्योगांसाठी ठरवून दिलं, की कच्चा माल किती महिन्यांचा, तयार माल किती महिन्यांचा, आणि त्याहून जास्त साठ्याला बँकेचं कर्ज नाही. पुढे १९८० च्या सुमारास चोरे समितीनेही तोच धागा ओढला. आम्ही फायलींत टंडन नॉर्म्स लावत बसायचो. मालक कुरकुरायचे, "साहेब, माल कमी ठेवला तर मशीन बंद पडेल, मग हप्ता कोण भरणार?"

त्यांचंही खोटं नव्हतं. गोदामात लाखोंचा माल पडलेला आणि जोडणी अडली आहे एका बेअरिंगसाठी, असं चित्र मी कितीदा पाहिलं आहे. जे हवं ते नाही, नको ते ढीगभर. बँक विचारत होती, "माल किती?" पण कारखान्याचा खरा प्रश्न होता, "कुठला माल, आणि कधी?"

हा दुसरा प्रश्न अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी नावाच्या माणसाने धरून ठेवला होता. मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत त्याने संगणकावर मालाच्या गरजेचं नियोजन बसवलं, पुढे तो आयबीएममध्ये गेला. त्याचं पुस्तक आलं १९७५ मध्ये. टंडन समितीचा अहवाल आला तेच साल! या पद्धतीला एमआरपी म्हणतात. तिचा गाभा आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगतो.

गणपतीला जेवायला किती जण येतील हा अंदाज आहे. पण एकदा ठरलं की ५१ मोदक करायचे, मग नारळ किती, गूळ किती, पिठी किती, हा अंदाज राहत नाही. तो हिशोब आहे. जुन्या पद्धतीत कारखाने नारळाचाही अंदाजच बांधत होते. गेल्या वर्षी किती लागले, डबा अर्धा झाला, मागवा. ऑर्लिकी म्हणाला, अंदाज फक्त मोदकांचा बांधा, बाकीचं गणित करा.

कारखान्यात हेच असं होतं. शंभर पंप दहाव्या आठवड्यात जोडायचे. एका पंपाला दोन बेअरिंगं, म्हणजे दोनशे. हातात साठ, मागवलेली पन्नास. कमी पडतात नव्वद. पुरवठादाराला चार आठवडे लागतात. म्हणजे सहाव्या आठवड्यात नव्वदची ऑर्डर गेली पाहिजे, पाचव्यात नको आणि सातव्यात तर नकोच. एका बेअरिंगचं हे गणित कुणीही पाटीवर करेल. पण हजारो सुटे भाग, शेकडो ऑर्डरी आणि दर आठवड्याला बदलणारं वेळापत्रक असेल तर ते हाताने होत नाही. तिथे संगणक लागतो.

आपल्याकडे संगणक आले तेही थोडं सांगायला हवं. १९६० च्या दशकात आयबीएमची १४०१ सारखी यंत्रं मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे होती. बाकीच्यांनी कार्डांना भोकं पाडून बाहेरून काम करून घ्यायचं. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सुरू झाली, तिच्या पहिल्या कामांत टाटांच्याच पोलाद कंपनीची पंचकार्डांची सेवा होती आणि सेंट्रल बँकेच्या शाखांमधल्या व्यवहारांचा मेळ घालण्याचं काम होतं. ज्याने आंतरशाखा मेळ हाताने घातला आहे, त्या बँकवाल्याला हे वाचून कंपनीबद्दल आपोआप आदर वाटेल! १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. मग देशी मिनी संगणक आले, त्यांत आमच्या बडोद्याच्या ओआरजी सिस्टिम्सचेही होते. १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर यंत्रं स्वस्त झाली आणि मकरपुऱ्यापर्यंत पोचली.

माझे साडू तंत्रशाखेचे मेकॅनिकल इंजिनिअर. काही वर्षं एका कारखान्यात प्लॅनिंगला होते, मग स्वतःचं काम सुरू केलं. लोकांना वाटायचं हे येणार, पेटी बसवणार, बटण दाबणार. प्रत्यक्षात पहिले दोन-तीन महिने ते संगणकाला हातच लावत नसत. मी एकदा विचारलं, "साडूभाऊ, कंपनी तुम्हाला पैसे कशाचे देते?" म्हणाले, "कुलपाचे."

खरंच तसं होतं. पहिली गोष्ट, स्टोअरला कुलूप. कुणीही यायचं आणि दोन बोल्ट उचलून न्यायचे, हे बंद. दुसरी गोष्ट, मोजणी. बिन कार्डावर ४०० आणि रॅकवर ३१०, असं असेल तर संगणक ४०० धरूनच गणित करणार आणि चुकीचं उत्तर सुबक छापून देणार. म्हणून वर्षातून एकदा दमछाक करणारी मोजणी न करता रोज थोड्या वस्तू मोजायच्या, फरक का पडला ते त्याच दिवशी शोधायचं. या पद्धतीचा प्रसार करणारे अमेरिकेतले सल्लागार ऑलिव्हर वाइट साठ्याच्या नोंदी निदान ९५ टक्के बरोबर हव्यात असा आग्रह धरत. आमच्याकडे सुरुवातीला पन्नास-साठ टक्के जुळलं तरी मालक खूश! तिसरी गोष्ट, वस्तूची यादी. ड्रॉइंग ऑफिसच्या कागदावर एक पंप, आणि शॉपमध्ये मिस्त्री जोडतो तो दुसराच पंप. दोघांना एका टेबलाशी बसवून एक यादी करायची. यातच महिने जात.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणसं. एका कारखान्यात जुने गुजराती स्टोअरकीपर होते, सगळे त्यांना काका म्हणत. अंधारात हात घालून हवा तो वॉशर काढून देतील असा माणूस. त्यांना वाटलं, आपल्या डोक्यातलं सगळं ही पेटी काढून घेणार आणि मग आपल्याला घरी बसवणार. भीती पोकळ नव्हती. संगणकाविरुद्धचे कामगारांचे लढे त्या काळात आपण सगळ्यांनीच पाहिले, आमच्या बँकांत तर १९८३ मध्ये युनियनशी करार झाल्यावरच यंत्रं हलली, आणि मग रंगराजन समितीने त्याचा आराखडा दिला. साडूभाऊंनी मालकांना अट घातली. मोजणीचा प्रमुख काकाच राहतील, आणि त्यांच्या सहीशिवाय आकडा संगणकात जाणार नाही. काका निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पण त्यांच्या जागी पुन्हा कुणी नेमलं नाही, हेही तितकंच खरं. नोकरी काढली नाही, जागा मात्र गेली. आमच्या लेजर कीपरांचं तेच झालं. या पेशाचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकू नये असं मला वाटतं.

आणखी एक प्रसंग. दुसऱ्या एका मालकाने सांगितलं, "सिस्टिम बसवा, पण मला साठ्याचे दोन आकडे हवेत. एक माझा, एक बँकेचा." हे बे चोपड्यांचं प्रकरण बाजारात नवं नव्हतं. साडूभाऊ म्हणाले, "तुमच्या खरेदीवाल्याला कुठला आकडा दाखवायचा? खोट्या आकड्यावर तो माल मागवेल, आणि मशीन खऱ्या आकड्यावर बंद पडेल." मालक हसले, आणि काम दुसऱ्याला गेलं. दोन वर्षांचं काम होतं, घरी मुलीचं लग्न तोंडावर. माझ्या मेहुणीने तेव्हा एक शब्द काढला नाही, पण त्या वर्षी दिवाळी बेताची झाली, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

१९९० नंतर काळ बदलला. जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये काढलेली एसएपी ही कंपनी आर/३ घेऊन आली, खरेदी, साठा, उत्पादन, हिशोब सगळं एकाच प्रणालीत. टाय लावलेले तरुण सल्लागार आले. साडूभाऊ शेवटची काही वर्षं त्यांच्याबरोबर काम करत, आणि अजून आधी स्टोअरचं कुलूपच पाहायला जात.

तेव्हा बँकेत आम्हीही त्यांच्यासारखंच शिकत होतो. शाखा संगणकावर न्यायची तर आधी जुनी लेजरं टॅली करायची. वर्षानुवर्षं न जुळलेली बॅलन्सिंग जुळवत आम्ही रात्री बसलो, तेव्हाच शाखा यंत्रावर गेली. टंडन समिती असो, ऑर्लिकी असो की मकरपुऱ्यातला एखादा सल्लागार, सगळ्यांची मागणी शेवटी एकच होती. जे आहे ते आहे तसं लिहा. यंत्र त्यानंतर.

हे सगळं लिहायचं कारण असं. राजवाड्याचे दस्तऐवज दप्तरखान्यात जपलेले आहेत. पण ईडीपी विभागातल्या, प्लॅनिंगच्या, स्टोअरच्या माणसांचे कागद रद्दीत गेले, आणि ती माणसंही आता थोडी उरली आहेत. आपल्या घरात, इंदूरला, हैदराबादला, बेळगावला, कुणी अशा कामात होतं का? असेल तर या दिवाळीला भेटाल तेव्हा त्यांना नुसतं "कसे आहात" विचारू नका. "तुमच्या वेळी माल कसा मोजायचे?" असं विचारा, आणि सांगतील ते लिहून घ्या.